कथाबीजांची बेगमी

वर्तमानपत्रात रोजची चित्रमालिका सुरू करणाऱ्याला पहिला महिना कधीच जड जात नाही. पात्रे नवी असतात, कित्येक वर्षे मनात घोळवलेले विनोद हाताशी असतात, संपादक खूश असतो आणि वाचकही सांभाळून घेतो. खरी पंचाईत दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात होते. तोवर पात्रांचे स्वभाव सगळ्यांना पाठ झालेले असतात, सगळे सणवार एकदा काढून झालेले असतात, संध्याकाळी उपसंपादकाचा फोन येतो आणि समोर तीन चौकटी कोऱ्या असतात. जगातल्या कितीतरी मालिकांनी इथेच मान टाकली. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी तिचा शेवटचा नवा भाग छापून आला. त्या पन्नास वर्षांत १७,८९७ भाग झाले आणि विनोद पुरवायला शुल्झ यांनी दुसरा लेखक ठेवला नाही. हे यश प्रतिभेच्या खात्यावर किती मांडायचे आणि साठवणीच्या खात्यावर किती? माझा कौल साठवणीला आहे, आणि त्यासाठीचे साक्षीदार मी अमेरिकेतून आणणार नाही. ते रायगडच्या किनाऱ्यावर आहेत.

या किनाऱ्याला साठवणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. म्हणून कोळीवाड्यातल्या बाया त्याआधीच बोंबील, सुकट, वाकट्या उन्हात खडखडीत वाळवून डब्यांत भरतात. आज वाळत घातलेला बोंबील कोणत्या दिवशी, कोणत्या कालवणात आणि कुणासाठी शिजणार हे घालणारीला ठाऊक नसते आणि त्याची तिला फिकीरही नसते. कथाबीजाचेही असेच असते. सुचले की लगेच शिजवायची घाई करणारा चित्रकार वर्षभरात रिकामा होतो.

या किनाऱ्यावरच्या टिपणवह्यांचा इतिहास मोठा आहे आणि त्यातली एक पुरातन वही तर परदेशी माणसाची आहे. त्वेर नावाच्या रशियन गावचा व्यापारी अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. चौलच्या लोकांचे कपडे, त्यांची केशरचना, या गोऱ्या माणसाकडे टक लावून त्याच्या मागोमाग फिरणारी गर्दी, हे सगळे त्याने लिहून ठेवले. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला, धर्म बदलला तर घोडा परत देतो म्हणून सांगितले, आणि ऐन वेळी खोरासानच्या एका ओळखीच्या माणसाने रदबदली करून त्याला सोडवले. हा प्रसंग वाचताना वाटते की चौकटी आयत्या आखलेल्या आहेत, फक्त शाई फिरवायची बाकी आहे.

पण मला निकितीनचे जास्त कौतुक दुसऱ्याच गोष्टीसाठी वाटते. डोळ्यांनी पाहिलेल्याच्या शेजारी त्याने कानांनी ऐकलेलेही तितक्याच इमानाने टिपले. ज्याच्या घरावर बसेल त्या घरात मरण येते असा एक पक्षी, स्वतःचा राजा आणि फौज असलेली माकडे, अशा गोष्टी त्याने 'हे कसे शक्य आहे' म्हणून गाळल्या नाहीत. इतिहासकाराला चाळण लावावीच लागते. चित्रमालिका चालवणाऱ्याने साठवतानाच चाळण लावली तर त्याचा डबा रिकामा राहतो. माकडांचा राजा आज निरुपयोगी वाटेल, पण चार वर्षांनी एखाद्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तोच उमेदवार म्हणून उभा राहू शकतो.

निकितीन परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधी वारला. त्याच्या हातच्या वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोत पोहोचवल्या आणि १४७५ च्या नोंदीसोबत त्या तिथल्या बखरीत शिरल्या. मग साडेतीन शतकांच्या आसपास त्या कुणाच्या फारशा गावीही नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिन यांना त्या एका मठाच्या संग्रहात सापडल्या. १९५७ मध्ये त्यांवर 'परदेशी' हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला आणि २००२ मध्ये रेवदंड्यात निकितीनचे स्मारक उभे राहिले. वहीतला एक घोडा पाचशे वर्षे पुरला.

आता किहीमकडे वळू. १९३० साली सलीम अली जर्मनीतून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. हातात काम नाही, म्हणून ते किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरी येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर शिडीवर आडोसा करून ते त्यात बसले आणि समोर काय चालले आहे ते टिपत राहिले. त्यातून निघालेला निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सुगरणीच्या संसाराबद्दलची जुनी समजूत पार उलटली.

तो संसार काय होता? नर अर्धेमुर्धे घरटे विणतो आणि लोंबत, पंख फडफडवत गिऱ्हाईक बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम ओढून पाहते. पसंत पडले तर ताबा घेते, नाही तर निघून जाते. पसंत पडल्यावर नर घाईने उरलेले बांधकाम संपवतो, मादी अंड्यांवर बसते, आणि हा गृहस्थ शेजारी दुसऱ्या घरट्याचा पाया घालून नव्या गिऱ्हाइकाची वाट पाहू लागतो. मराठीत नवरा-बायकोंवरचे विनोद पोत्याने आहेत, पण त्यातला एकही मला किहीमच्या या नोंदींइतका ताजा वाटत नाही. यात बांधकाम व्यावसायिक आहे, नमुना सदनिका आहे, ताबा आहे, अर्धवट प्रकल्प आहेत. आज मांडवा ते रेवदंडा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे फलक दिसतात त्यांवरची सगळी नाट्ये १९३० च्या त्या वहीत होती, आणि लिहिणाऱ्याला तर ती विनोदी करायचीही नव्हती.

चित्रकाराने इथे थांबून पाहावे असे एक आहे. सलीम अलींनी सुगरणीचा 'स्वभाव' लिहिला नाही. कोणत्या दिवशी कोणत्या घरट्यात काय घडले एवढेच त्यांनी लिहिले. आपल्याकडे नवशिका चित्रकार वहीत पात्राचे वर्णन लिहितो: खट्याळ आहे, कंजूष आहे, भोळा आहे. अशा वर्णनातून पंधरा भाग निघतात, मग आटते. त्याऐवजी एखाद्या कंजूष माणसाने अमुक मंगळवारी एसटीच्या सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी नेमका कसा वाद घातला, कोणत्या थांब्यापर्यंत घातला आणि शेवटी कोण आधी हसले, हे टिपले तर ते दहा वर्षांनीही उपयोगी पडते. एसटीत आता सुट्ट्या पैशांऐवजी मोबाइलवरून पैसे देत असतील. वाद तोच राहतो.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा विषय विनोदाशी जुळणारा वाटणार नाही, तरी तो टाळता येत नाही. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. इमारतीत लोखंड टाळले, आणि जुन्या-नव्या नोंदींची सांगड बसावी म्हणून दोन्ही वेधशाळा काही काळ एकदम चालवल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेले जबरदस्त चुंबकीय वादळ कुलाब्याच्या नोंदवहीत उतरले होते. सुई कल्पनेबाहेर घसरली, सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी. आकडे टिपणाऱ्यांनी ते टिपले आणि ते कपाटात गेले. त्यांचा नीट अर्थ लावणारा शोधनिबंध २००३ साली निघाला. म्हणजे ज्याने नोंद केली त्याच्या पणतूलाही तिचा उपयोग कळला नसता.

लोखंडाला मज्जाव असलेल्या इमारतीत रोज कामाला जाणारा कारकून, त्याच्या खिशातल्या किल्ल्या, त्याच्या धोतराला बायकोने लावलेली टाचणी, यावर एक आठवडा सहज निघेल. हे मी माझ्या पदरचे सांगतो आहे. नोंदीत कारकून नाही.

याच अलिबाग परिसरातल्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी लिहिली. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले, ही त्या समाजाची परंपरागत हकीकत. केहीमकरांचे हस्तलिखित १८९७ च्या सुमारास तयार होते. पुस्तक छापले गेले १९३७ मध्ये, आणि तेही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. किनाऱ्यावरची गोष्ट किनाऱ्यावर छापायला चाळीस वर्षांत कुणी मिळू नये, हे आपल्या सांभाळण्याच्या सवयीवर फारसे चांगले प्रमाणपत्र नाही.

शत्रूच्या वह्याही वाचाव्यात. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत, आणि इंग्रजांच्या आरमारातल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ साली छापलेल्या पुस्तकातही तोच सूर आहे. पण १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर केलेली स्वारी फसली, तेव्हा चिडलेल्या कमोडोर मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनानीच्या तोंडात काठी खुपसली, हा तपशील आपल्याला त्याच डाउनिंगमुळे मिळतो. आपल्या बखरकाराला ही काठी दिसली नसती. तो विजयाच्या वर्णनात रमला असता.

मराठीत रोजच्या मालिकेचा मोठा दाखला 'चिंटू'चा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये तो सुरू केला. पुढची दोन दशके आणि त्याहूनही अधिक काळ तो वाचकांच्या सकाळच्या चहाबरोबर राहिला आणि २०१२ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, सतीशदादा, जोशीकाकू ही पात्रे आणि पुण्यातली एक सोसायटी, एवढ्या भांडवलावर हे चालले. चिंटू मोठा होत नाही. त्याच्या परीक्षा, किल्ले, कैऱ्या, उन्हाळ्याची सुट्टी दर वर्षी फिरून येतात. अशा मालिकेची साठवण पंचांगाप्रमाणे लावावी लागते: शिमग्याच्या खणात शिमग्याचे, गणपतीच्या खणात गणपतीचे, आणि गेल्या वर्षी काय वापरले याची खूण. दोघे मिळून काम करण्याचा एक फायदा बाहेरूनही दिसतो. एकाला 'हे झाले होते रे' म्हणणारा दुसरा कायम हजर असतो.

'चांदोबा'ने वेगळी वाट काढली. १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या या मासिकात विक्रम-वेताळ अखंड चालू होते. मूळ वेताळकथा पंचवीसच, आणि त्या संपायला दोन-अडीच वर्षे पुरेशी होती. पण झाडावरचे प्रेत, राजाचे मौन, शेवटचा प्रश्न आणि वेताळाचे परत झाडावर जाणे ही चौकट इतकी घट्ट होती की देशभरातल्या लोककथा आणि नव्याने रचलेल्या गोष्टी तिच्यात दशकानुदशके ओतता आल्या. दुसरा वेताळ इंद्रजाल कॉमिक्सचा, १९६४ पासून आपल्याकडे आलेला, ली फॉकचा. त्याच्या कवटीच्या गुहेत पूर्वजांनी लिहून ठेवलेल्या रोजनिशींची फडताळेच्या फडताळे आहेत. कथानक सुचेना की फॉकचा नायक एक जुनी वही उघडतो आणि चारशे वर्षांतला कुठलाही पूर्वज कामाला येतो. कथाबीजांचे कोठार थेट कथेतच बांधणारा असा धूर्त लेखक मला दुसरा माहीत नाही.

आणि गोव्याचे मारिओ मिरांडा. तारुण्यात ते रोजनिशी चित्रांतून ठेवत. १९४९, १९५० आणि १९५१ च्या त्या वह्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. बँडवाले, पाद्री, लग्नाच्या जेवणावळी, बसमधल्या जाडजूड बायका त्यांत आहेत. मुंबईला वर्तमानपत्रात नोकरी धरण्याआधीच हा माणूस लोटलीच्या घरात बसून पुढच्या पन्नास वर्षांची तजवीज करत होता.

समजा आता मुरूडच्या किंवा श्रीवर्धनच्या कुणा तरुण चित्रकाराने किनाऱ्यावरची मालिका काढायला घेतली. त्याने पहिल्यांदा काळाचा निर्णय करावा. पात्रे चिंटूसारखी त्याच वयाची राहणार, की 'गॅसोलीन अॅली' या अमेरिकी मालिकेसारखी वाचकांबरोबर वाढणार? त्या मालिकेत १४ फेब्रुवारी १९२१ रोजी दारात सापडलेले तान्हे बाळ पुढे शाळेत गेले, सैन्यात गेले, बाप झाले. रायगडच्या किनाऱ्याला मला हा दुसरा प्रकार शोभेलसा वाटतो, कारण इथल्या गोष्टी सावकाश पिकतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला कित्येक वर्षे जातात. त्या जूनमध्ये ज्या पात्राची वाडी गेली, त्याच्या नव्या रोपांची उंची चित्रकाराला दर पावसाळ्यात वाढवत न्यावी लागेल, आणि वाचक ती मोजतील. मांडव्याची रो-रो बोट मार्च २०२० मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाली आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. असा विनोद कुणाला रचता येत नाही. तारखेसकट टिपून ठेवता येतो, एवढेच.

चरीचा संपही असाच. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो १९३९ पर्यंत निभावला. सहा वर्षे नांगर न धरणाऱ्या घरात रोज सकाळी काय बोलणे होत असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकाला परवडत नाही. चित्रमालिकेला परवडतो. पण त्यासाठी आज त्या गावांत आजोबा-पणजोबांच्या सांगोवांगीच्या गोष्टी आठवणारे जे उरले आहेत त्यांच्यापाशी बसावे लागेल, आणि ते उद्यावर टाकण्यासारखे नाही.

टिपणात तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे असावेत. आगरी बोलीतले वाक्य पुस्तकी मराठीत उतरवून ठेवले की त्यातला जीव जातो आणि नंतर तो परत घालता येत नाही. शेवटची कोटी मात्र लिहू नये. कोटी लिहिली की प्रसंग बंद होतो, आणि पुढे त्याच प्रसंगातून दुसरी, बरी कोटी निघायची वाट राहत नाही. जुने सरकारी कागदही वाचावेत. १८८३ चे कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटिअर रुक्ष आहे खरे, पण होड्यांचे प्रकार, मिठागरे, बाजाराचे दिवस असला ऐवज इतका एकत्र दुसरीकडे मिळत नाही. कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ मध्ये झाला, तेव्हा ग्रंथालयात शोधताना जुन्या नावानेच विचारावे. वहीत खऱ्या माणसांची खरी नावे असू द्यावीत, छापताना ती बदलावीत. चारशे उंबऱ्यांच्या गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, म्हणून त्याचा व्यवसाय आणि आळीही बदलावी. गावात पुढेही राहायचे असते.

न वापरलेल्या टिपणांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. शुल्झ यांनी आपल्यानंतर नवे भाग कुणी काढू नयेत असे ठरवले आणि कुटुंबाने ते पाळले. 'टिनटिन'चे एर्जे १९८३ मध्ये गेले, तेव्हा एक गोष्ट कच्च्या रेखाटनांत आणि टिपणांत अर्धी पडली होती. ती कुणाकडून पुरी न करता १९८६ मध्ये तशीच छापली गेली. 'गॅसोलीन अॅली' मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. तिन्ही निर्णय आपापल्या जागी रास्त आहेत, कारण ते कुणीतरी विचारपूर्वक घेतले. मराठी चित्रकाराच्या वह्यांबाबत सहसा निर्णयच होत नाही. घर बदलताना किंवा घराची वाटणी होताना त्या रद्दीवाल्याच्या तराजूत जातात.

वर्तमानपत्रे मालिकेचा करार करतात तेव्हा छापील भागांच्या हक्कांवर पाने भरतात. त्यात टिपणवह्यांचे एक कलम घालायला काही खर्च येत नाही: वह्या चित्रकाराच्या मालकीच्या, त्यांच्या प्रती काढण्याचा खर्च पत्राचा, आणि मालिका बंद झाल्यावर एक संच जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयाकडे. दमट हवेत कागदाला दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, म्हणून प्रती मालिका चालू असतानाच, दर वर्षी एप्रिल-मेमध्ये, काढून घ्याव्यात.